आझुमी कुणाची, याची चौकशी

गुरुवारी, दुपारच्या नमाजाच्या थोडं आधी, आझुमी नावाच्या मुलीला सरकारने तिच्या जन्मदात्या आईच्या ताब्यात दिलं. साक्षीला अख्खी रिमी वस्ती होती. फोटो निघाला, शिक्का उठला, बिस्किटं वाटली गेली. गोष्टीचा शेवट हाच. आधीच सांगून टाकलेला बरा, उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

आता हे विसरून जायचं, कारण असं काही झालंच नाही. वस्तीत जाऊन कुणालाही विचारा. न्हावी म्हणेल, गुरुवारी माझ्या डोळ्यांत साबण गेला होता. मशिदीत अजान देणारा लादान म्हणेल, मी वेळ कळावी म्हणून आभाळाकडे बघत होतो. वस्तीचा प्रमुख, ज्याला सगळे मै-उंग्वा म्हणतात, तो तर शपथेवर सांगेल की त्या आठवड्यात गुरुवार आलाच नाही, बुधवारनंतर थेट शुक्रवार लागला.

तर जे झालंच नाही ते सुरू झालं गोग्गो ताबावाच्या दारात, चवळीच्या भज्यांच्या कढईपाशी.

गोग्गो म्हणजे आत्या. पण ताबावा वस्तीत सगळ्यांचीच गोग्गो होती, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या माणसांचीसुद्धा, कारण तिच्यासमोर भाच्यासारखं वागणं हेच सगळ्यात सुरक्षित होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पोटचं मूल नाही. घर मात्र कधी रिकामं राहिलं नव्हतं. आधी बहिणीचा मुलगा आला, मग दिराची मुलगी, मग नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या बहिणीचा कुणीतरी, ज्याचं नातं समजावून सांगेपर्यंत एक घाणा करपायचा. ती सगळी वाढली, लग्नं करून पांगली. आता घरात होती आझुमी. गोग्गोच्या धाकट्या भावाची, तांकोची, थोरली मुलगी.

आझुमीचं दूध तुटलं त्या दिवशी गोग्गो तांकोच्या घरी गेली, मुलीला उचललं, पाठीशी बांधलं आणि चालू लागली. मुलीची आई तसल्ला तेव्हा भिंतीकडे तोंड करून बाजरी पाखडत होती. सुपात बाजरी नव्हती. पण थोरलं मूल घराबाहेर जाताना आईने वळून बघायचं नसतं. मुळात थोरल्याकडे बघायचंच नसतं. चारचौघांत त्याला पाठीवर घ्यायचं नाही, कौतुक करायचं नाही, आणि त्याचं नाव तर जन्मात तोंडातून काढायचं नाही. धाकट्यांचे काय हवे ते लाड करा. थोरल्याची मात्र लाज बाळगायची. तसल्लाने ही रीत इतकी चोख पाळली की आझुमी आठ-नऊ वर्षांची झाली तरी आईच्या तोंडी तिचं नाव 'ती' एवढंच होतं.

तांकोचं घर त्याच गल्लीत, पुढच्या वळणावर. रोज संध्याकाळी आझुमी तिथे जाऊन उभी राहायची. "गोग्गोने मीठ मागितलंय." गोग्गोने मीठ मागितलेलं नसायचं. तिच्या घरात एवढं मीठ साठलं होतं की एखादा उंट खारवून ठेवता आला असता. तसल्ला मीठ द्यायची आणि मग चुलीला सांगायची, "शेंगदाण्याच्या कडबोळ्यांचं भांडं कुणीतरी उघडंच टाकलंय. कोंबड्या फस्त करतील." आझुमी कोंबड्यांचं काम उरकायची आणि घरी यायची. घर म्हणजे गोग्गोचं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सरकारला मुलांची काळजी वाटायला लागली.

काळजीला कारण होतं. हमरस्त्यावरच्या एका गावात डोक्यावर पाटी घेऊन विकत फिरणारी एक मुलगी ट्रकखाली आली. नातेवाइकांकडे वाढत होती. तेव्हा वरच्या लोकांनी ठरवलं की दुसऱ्याच्या घरी वाढणारं प्रत्येक मूल हुडकून काढायचं आणि आईकडे पोचतं करायचं. त्यासाठी शेंगदाण्याच्या जुन्या गोदामात बालकल्याण कचेरी उघडली. गोदामाचा वास काही गेला नव्हता, त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी भूक लागायची. कचेरीत एक टेबल, लोकांसाठी एक खुर्ची, तारा न जोडलेला पंखा आणि सोडवून आणलेल्या मुलांसाठी बिस्किटांची एक पेटी होती. मुलं अजून सापडली नव्हती. पेटी अर्धी झाली होती.

ती पेटी ज्याच्या ताब्यात होती तो अधिकारी म्हणजे मालम सागिरू. मालम म्हणजे शिकलासवरलेला माणूस. तरुण, कानो शहरातून आलेला, डोक्यावरच्या टोपीपासून पायातल्या मोज्यांपर्यंत इस्त्री केलेला. एका सकाळी तो ट्रकतळावर गेला आणि त्याला डोक्यावर भज्यांची पाटी घेतलेली आझुमी दिसली. त्याने तिला थांबवलं. तिने आधी त्याला भजी विकली, मगच थांबली. दोघं गोग्गोच्या दारात आले तेव्हा सागिरूच्या हातात पुडकं होतं आणि तोंड भरलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीचा धाक जरा वाया गेला.

"ही मुलगी कुणाची?" घास गिळून त्याने विचारलं.

"माझी," गोग्गो म्हणाली.

"तुमच्या पोटची?"

गोग्गोने झारा कढईतून बाहेर काढला. "पोटाची चौकशी? तू डॉक्टर आहेस?"

"मी बालकल्याण अधिकारी आहे, गोग्गो."

"मग बस. तिखट लावून घे. रिकाम्या पोटी अधिकार गाजवू नये, मळमळतं."

"मुलगी सकाळची ट्रकतळावर काय करते? शाळा नाही?"

"माझी शाळा दुपारची आहे," आझुमी म्हणाली. "सकाळी मोठी मुलं बसतात. बाकं तेवढीच आहेत."

"तुला कुणी विचारलं?" गोग्गो.

"त्यांनीच विचारलं."

"मला विचारलं. तुझ्याबद्दल."

सागिरूने वाकून आझुमीकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "तुझी आई कोण, बाळ?"

"कुठली?"

"आई एकच असते."

"तुमची असेल," आझुमी म्हणाली.

सागिरू सरळ उभा राहिला. "गोग्गो, ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला एवढं मूल दिसत नाही. तुम्ही तिला वाढवता की राबवता, हे मला बघावं लागेल. सोमवारी कचेरीत या. हिच्या आईबापांना घेऊन या. ते म्हणाले, आम्हीच दिली, आमची हरकत नाही, तर पुढचं बघू."

"माझ्या भावाची मुलगी माझ्याकडे का, हे तुला सांगायला मी गोदामात येऊ?"

"हो."

"शेंगदाणे मिळतात का अजून तिथे?"

"नाही."

"मग कशासाठी उघडलंय!" असं म्हणून गोग्गोने पुढचा घाणा सोडला.

पण सोमवारी ती गेली. तांको गेला, मै-उंग्वा गेला. आणि तसल्लाही गेली, ही खरी बातमी होती. घरंदाज तरुण बायको दिवसाउजेडी रस्त्याने चालत नाही. ती काळ्या बुरख्यात पायांच्या अंगठ्यांकडे बघत चालली आणि अख्खी गल्ली तिच्याकडे न बघण्यात गुंतली. कचेरीत शिरल्यावर तिने आझुमी कुठे उभी आहे ते एकदा हेरलं आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसली.

"बहिणी," सागिरू म्हणाला, "ही मुलगी तुझी का?"

"मला काय ठाऊक," तसल्लाने भिंतीला सांगितलं. "मुली पुष्कळ असतात."

"हिचं नाव काय?"

भिंत गप्प राहिली.

"बरं, नाव नको. नुसती मान हलव."

तसल्लाची मान अशी ताठ झाली की जणू डोक्यावर पाण्याची घागर आहे.

सागिरू टेबलावरून पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी आपल्यातलाच आहे, बहिणी. मला कळतं. पण कागदाला लाज नसते."

"मग कागदालाच विचारा," भिंतीकडून उत्तर आलं.

सागिरू तांकोकडे वळला. पण थोरल्याची लाज बापालाही असतेच. तांकोने छपराकडे पाहिलं, पंखा का फिरत नाही याचा विचार केला आणि म्हणाला, "असेल कुणाची तरी. आहे म्हणजे आईबाप असणारच."

"तुम्ही बाप आहात का?"

"मी सायकली दुरुस्त करतो," तांको म्हणाला.

राहिला मै-उंग्वा. त्याने दाढीवरून हात फिरवला. "मला सगळं ठाऊक आहे. नाव ठेवायच्या दिवशी मेंढा कापला तेव्हा मी मुंडीपाशी उभा होतो. पण ती इथे बसलीय ना. तिच्या समोर मी कसं सांगू? तिला बाहेर पाठव, मग सांगतो."

"साक्ष आईच्या समोरच द्यावी लागते."

"मग मला काही ठाऊक नाही."

"मी सांगू?" आझुमीने विचारलं.

"अल्पवयीन मुलांची साक्ष चालत नाही."

"पण चाललंय माझ्याबद्दलच ना?"

"लिही रे!" गोग्गोने टेबलावर हात आपटला. "जन्म हिने दिला, वाढवली मी. बाप हा, सायकलवाला. लिही आणि मोकळा हो. माझी कढई थंड पडलीय."

"तुम्ही पक्षकार आहात, गोग्गो. तुमचंही चालत नाही."

त्याने खरंच खूप वेळ लावला. टोपी काढली, परत घातली. पण कागदावर तीनच घरं होती: आईकडे आहे, आईबापांच्या संमतीने दुसरीकडे आहे, किंवा आईबाप अज्ञात. आईबाप अज्ञात असतील तर मुलीला शहरातल्या सरकारी बालगृहात पाठवायचं आणि गाडी दर गुरुवारी यायची. सागिरूने तिसऱ्या घरात खूण केली. अशा रीतीने एक बाप आणि दोन आया समोर हजर असताना आझुमी अनाथ झाली. कचेरीची पहिली अनाथ म्हणून तिला बिस्किटांचा पुडा मिळाला. गुरुवारपर्यंत तिला मै-उंग्वाच्या जबाबदारीवर ठेवण्यात आलं. मै-उंग्वाने ती जबाबदारी उचलून गोग्गोच्या घरी नेऊन ठेवली.

मंगळवारी गोग्गो तांकोच्या घरात शिरली ती तोफेसारखी.

"मान, तसल्ला! एक मान हलवायची होती! बोकडसुद्धा हलवतो!"

"बोकडाला नणंद नसते," तसल्ला चुलीला म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही, गोग्गो. पाणी हवंय का तुम्हाला?"

"मला पाणी नको. मला नाव हवंय. परवा गाडी येईल. तुझ्या तोंडून एकदा नाव निघालं की ती रिकामी जाईल. घे नाव."

तसल्लाने फुंकणी खाली ठेवली. "ती सात दिवसांची होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघून हसले होते. आठवतं? घरात सगळ्या बायका होत्या. तुम्ही ओरडलात, बघा गं बघा, हिने बाजारातून बाहुली आणलीय! सगळ्या हसल्या. मग मी नाही बघितलं परत. आता तुम्हीच म्हणता नाव घे. मी काय पाटी आहे, गोग्गो? तुम्ही लिहायचं, तुम्ही पुसायचं?"

हे ती चुलीला म्हणाली नव्हती. सरळ गोग्गोच्या डोळ्यांत बघून म्हणाली होती. गोग्गो एक पाऊल मागे सरली. वस्तीच्या इतिहासात याची नोंद व्हायला हरकत नव्हती.

"मी बरोबरच शिकवलं होतं," शेवटी ती म्हणाली. "रीत काही चुकीची नाही. सरकार आलंय चुकीचं."

"मग सरकारला परत पाठवा."

"ते कसं पाठवायचं?"

"मला काय ठाऊक. मी घराबाहेर पडत नाही." तसल्लाने पुन्हा चुलीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने धुराला सांगावं तसं म्हणाली, "त्या बालगृहात ओळीने खाटा असतात म्हणे. डाव्या कुशीवर वळवून पाठ चोळल्याशिवाय तिला झोप येत नाही. तिथे कोण चोळणार?"

"तुला कसं ठाऊक? ती माझ्याकडे आली तेव्हा एवढीशी होती."

तसल्लाने डोळे पुसले. धूर डोळ्यांत जात होता, आणि चूल विझलेली होती.

बुधवारी सकाळी गोग्गोने भजी तळली नाहीत. ती घरोघरी गेली. दुपारी सागिरू जेवून कचेरीत परतला तर दारापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत रांग लागली होती आणि गोग्गो हातात झारा घेऊन ती सरळ करत होती.

"हे काय आहे?"

"अनाथ," गोग्गो म्हणाली. "तू हुडकत होतास ना? आणलेत. हा लादान. दूध तुटल्यावर याला आजोबांनी नेला. हा न्हावी. काकांकडे वाढला. हा मै-उंग्वा..."

"मला मामाने नेलं," मै-उंग्वा म्हणाला. "अजून परत केलेलं नाही. गुन्हा चालूच आहे."

"बाबा, तुमचं वय..."

"वय झालं ते तुमची कचेरी उशिरा उघडली म्हणून."

आलेली प्रत्येक तक्रार नोंदवून घ्यावी असा नियम होता आणि सागिरू नियमाचा माणूस. त्याने लिहायला सुरुवात केली. लादानची मागणी होती की त्याला त्याच्या आईच्या ताब्यात द्यावं. त्याची म्हातारी कचेरीच्या समोरच राहायची. तिने दारातून ओरडून सांगितलं, "मी घेणार नाही! चार माणसांचं खातो तो! सरकारनेच ठेवून घ्यावा!" न्हावी म्हणाला, मला आईकडे पाठवा, पण बायकोला कळवू नका, ती शोधत येईल. एकाने विचारलं, ज्याला लहानपणी नेलं पण तो स्वतःच पळून परत आला, त्याला बिस्किटं मिळतात का. रांग हलेना. पेटीतली बिस्किटं मात्र हलली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गोग्गो खुर्चीवर येऊन बसली.

"तुला कुणी वाढवलं, मालम?"

सागिरूचं पेन थांबलं. "काकूने. कानोत."

"थोरला?"

"थोरला."

"आई काय म्हणून हाक मारते?"

"हाक मारत नाही. सरकार म्हणते." त्याने रांगेकडे पाहिलं. रांग कान टवकारून उभी होती. "सरकार आलं का. सरकार जेवलं का. असं धाकट्या भावाला विचारते. मी तिथेच बसलेला असतो."

"मग लिही की स्वतःचंही नाव."

कुणीतरी हसलं. सागिरू हसला नाही. "ट्रकखाली आलेली ती मुलगी मी पाहिली होती, गोग्गो. तिच्या अंगावर एकच कपडा होता. हातावर चटके होते, भाजल्याचे नव्हे, दिलेले. तिच्या घरचे मला हेच म्हणाले होते. रीत आहे म्हणून."

रांगेतलं हसू कुठल्या कुठे गेलं. गोग्गोने झारा मांडीवर आडवा ठेवला.

"त्यांनी रीत पाळली नव्हती," ती म्हणाली. "रीत चटके द्यायला सांगत नाही."

"कागदावरून मला ते कसं कळणार? तुमच्यात आणि त्यांच्यात फरक आहे, हे मला भजी खाऊन कळलं. वर भजी पाठवता येत नाहीत." तो उठला. "उद्या गाडी येईल. नाव नको. मान नको. पण तिच्या आईने सगळ्यांसमोर असं काहीतरी करावं जे आईच करते. मग मी ताबा तिला देईन. त्यानंतर मुलगी कुठल्या घरी झोपते ते बघायला मी रात्री फिरत नाही. पण कुणी पुढे आलंच नाही, तर ती गाडीत बसणार. मला दुसरं घर नाही कागदावर."

गोग्गो तिथून थेट तांकोच्या दारात गेली. आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरून, दाराच्या चौकटीला उद्देशून, सगळं शब्दाला शब्द सांगितलं. आतून फक्त भांडं ठेवल्याचा आवाज आला.

गुरुवारी गाडी आली. पांढरी होती, दारावर हसऱ्या मुलांचं चित्र होतं. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली वस्ती जमली. आझुमी नवीन फुलांचा झगा घालून उभी होती. गोग्गोने तिच्या डोक्यावर एक गाठोडं दिलं होतं. त्यात कपडे कमी आणि भजी जास्त होती. गोग्गो स्वतः गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून बसली होती.

"गोग्गो, उठा," ड्रायव्हर म्हणाला.

"मी सावलीत बसलेय."

"सावली पलीकडे आहे."

"मला ही आवडते. तुझ्या गाडीला घाई असेल तर तिला माझ्याशिवाय जायला सांग."

सागिरूने घड्याळ पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडलं गेलं. आझुमीने एक पाय आत ठेवला आणि मागे वळून, कुणाकडेच न बघता विचारलं, "तिथे मीठ मागायला कुणाकडे जायचं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तसल्ला दिसली. बुरखा होता. पण वरून कमरेला एक रंगीत कापड घट्ट गुंडाळलेलं, दुसरं हातात. बायका पाठीवर मूल बांधायला घेतात तसं. ती झपाझप चालत आली, नजर कडुनिंबाच्या शेंड्यावर. आझुमीपाशी थांबली. तिच्याकडे पाहिलं नाही. पाठ वळवली, कमरेत वाकली आणि हात मागे केले.

आझुमीला काही कळायच्या आत ती आईच्या पाठीवर होती. आठ-नऊ वर्षांची घोडी, लांब तंगड्या, एक चप्पल गळून पडलेली, डोक्यावरचं गाठोडं आईच्या डोक्यावर आलेलं. तसल्लाने कापड ओढलं, छातीशी गाठ मारली, एक हिसका देऊन मुलीला वर सरकवलं. रिमी वस्तीत कुठल्या आईने थोरल्या मुलीला भर दुपारी, भर रस्त्यात, पुरुषांसमोर पाठीवर घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या मुलीला तर, ती धाकटी असती तरी कुणी घेतलं नसतं.

"ओझं माझं आहे," तसल्लाने झाडाच्या शेंड्याला मोठ्याने सांगितलं. "कुणाला काही म्हणायचंय?"

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. कारण तोपर्यंत कुणी बघतच नव्हतं. सगळ्यात आधी मै-उंग्वाने पाठ फिरवली, मग लादानने, मग न्हाव्याने, आणि मग एकेक करत अख्ख्या वस्तीने. अशी लाज एकटीला सोसायला लावणं बरं दिसत नव्हतं. तांकोने सायकलच्या चाकात डोकं घातलं. ड्रायव्हर परका होता. त्याला गोग्गोने टोपी धरून वळवलं. सागिरूला फोटो काढणं भाग होतं. त्याने पाठ फिरवली आणि फोन खांद्यावरून मागे धरून बटण दाबलं. तो फोटो कागदाला जोडलेला आहे. त्यात कडुनिंबाची एक फांदी आणि चप्पल नसलेला एक पाय आहे. 'मातेने ताबा स्वीकारला,' असं खाली लिहिलंय.

तसल्ला घामाघूम होऊन गल्लीतून निघाली. पाठीवरच्या आझुमीने गाल आईच्या मानेला टेकवला होता आणि तिला श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटत होता, कारण हे किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता. स्वतःच्या दारावरून तसल्ला पुढे गेली. गोग्गोच्या उंबऱ्यावर तिने गाठ सोडली, मुलीला खाली ठेवलं, पाठ सरळ केली.

"कुणीतरी इथे काहीतरी विसरून गेलंय," ती दाराला म्हणाली आणि घरी परतली.

तेव्हापासून आझुमी कागदावर आईकडे राहते आणि झोपते गोग्गोकडे. सागिरू चौकशीला आला की तिला शोधायला निघतो, वाटेत गोग्गोच्या दारात थांबतो, भजी घेतो. भजी देते आझुमी. तो तिला विचारतो, "आझुमी घरी आहे का?" ती सांगते, "आहे." तो खूण करून जातो. ट्रकतळावर ती आता जात नाही. "ड्रायव्हरांना पाय आहेत," गोग्गो म्हणते, "भूक लागली तर चालत येतील. कुणाच्या सांगण्यावरून नाही बंद केलं. माझं मन झालं, केलं." ड्रायव्हर येतात.

हे सगळं झालंच नसल्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही. पण पुढच्या सोमवारी, कचेरी उघडायच्या आत, गोग्गो ताबावा दारात येऊन बसली होती. झारा नव्हता, भजी नव्हती, मागे रांगही नव्हती.

"लिही," ती म्हणाली.

"आता काय, गोग्गो?"

"मी सांगते, तू तुझ्या भाषेत लिही. आणि हसलास तर तुझ्या आईला जाऊन सांगेन की सरकार दात काढतं."

सागिरूने लिहिलं. हसला नाही. अर्ज दोन प्रतींत आहे, शिक्क्यासह:

'प्रति, बालकल्याण अधिकारी यांस. अर्जदार ताबावा, वय अंदाजे साठ, राहणार रिमी वस्ती, ही आपल्या आईची थोरली असून दूध तुटल्यावर तिला आत्याने नेले, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. अर्जदाराची आई सध्या गावाबाहेरील कबरस्तानात, विहिरीच्या बाजूस, कायम वास्तव्यास आहे. सदर आईने अर्जदाराचा धाकटा भाऊ तांको यास आयुष्यभर नावाने हाका मारल्या, त्या अर्जदाराने दाराबाहेर उभे राहून ऐकल्या आहेत. तरी विनंती की, सदर आईस कचेरीत हजर राहण्याचे कळवावे. तिला भिंतीकडे तोंड करून बसण्याची मुभा द्यावी. उपस्थित सर्वांनी पाठ फिरवावी. आणि तिने अर्जदाराचे नाव एकदा, ऐकू येईल इतक्या मोठ्याने, घ्यावे. अर्जदार बाहेर उभी राहील. प्रकरण तातडीचे समजून येत्या गुरुवारपूर्वी निकाली काढावे. न काढल्यास अर्जदार रोज येऊन बसेल, याची नोंद घ्यावी.'